महिरप : जिंकलेली आणि शिकलेली

गणपतीच्या मखरापासून नाताळच्या गोठ्यापर्यंत, मंगलकार्याच्या मंडपापासून देवळातील वेदीपर्यंत, आम्ही मराठी माणसे जिथे तिथे महिरप उभारतो. हा शब्द आला कुठून, याचा विचार मात्र क्वचितच होतो. मशिदीच्या भिंतीत मक्केची दिशा दाखवणारा जो कोनाडा असतो, त्याला अरबीत ‘मिहराब’ म्हणतात. आमची महिरप ती हीच. कमान, घुमट, मनोरा हे शब्दही त्याच वाटेने मराठीत आले. शब्द आपलेसे झाले, पण ते ज्यांच्याबरोबर आले त्या वास्तूंकडे पाहण्याची दृष्टी मात्र आली नाही, अशी आमची तक्रार आहे.

कऱ्हाडच्या मनोऱ्यांचेच पाहा. सातारा जिल्ह्यावर लिहिणारे किल्ले आणि देवळे प्रेमाने वर्णितात. या जोड मनोऱ्यांपाशी आले की ‘विजापूरकरांच्या अमदानीतील अवशेष’ एवढ्या एका वाक्यात त्यांची बोळवण होते. फार तर ‘भव्य’ हे विशेषण पदरी पडते. विजापूरच्या पहिल्या अली आदिलशहाच्या (१५५७-१५८०) काळातील मशिदीचे हे मनोरे शंभर फुटांहून उंच आहेत. नुसत्या बांगेसाठी एवढी उंची लागत नाही आणि जोडी तर मुळीच लागत नाही. दुरून येणाऱ्याला गाव कोणाच्या छत्राखाली आहे ते कळावे, हाही त्या उंचीचा अर्थ आहे. आम्हांला हे मनोरे डौलदार वाटतात. पण त्यांचे बोलणे राज्यकर्त्याचे आहे, हेही सांगितले पाहिजे.

या जोडीचे कूळ मात्र फार दूरचे आहे. सेल्जुक तुर्क इराणातून अनातोलियात गेले, तेव्हा दरवाजाच्या दोन अंगांना मनोरे उभे करण्याची रीत त्यांच्याबरोबर गेली. सिवास शहरातील १२७१ च्या एका मदरशाचे नावच ‘जोड मनोऱ्यांचा मदरसा’ असे आहे. आदिलशाहीचा संस्थापक यूसुफ हा उस्मानी तुर्कांचा राजपुत्र होता, अशी कथा फेरिश्ता सांगतो. ती खरी असो वा नसो, त्या दरबाराला आपले नाते तिकडे जोडावेसे वाटत होते, एवढे तिच्यातून कळते.

अलीच्या राज्यारोहणाच्या वर्षीच, १५५७ मध्ये, इस्तंबूलला सिनान या वास्तुकाराने सुलेमानिये मशीद पूर्ण केली. सिनान हा मूळचा ख्रिस्ती घरातला, उस्मानी भरतीत नेलेला. त्याच्यासमोर उभे होते आयासोफियाचे महामंदिर. ते ५३७ मध्ये सम्राट जस्टिनियनने बांधले आणि १४५३ मध्ये तुर्कांनी जिंकताच त्याची मशीद झाली. पुढे ते संग्रहालय झाले आणि २०२० पासून पुन्हा मशीद आहे. ख्रिस्ती मनाला ही सल आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. पण कथेचा दुसरा भागही सांगावा लागतो. आयासोफिया जिंकायला तुर्कांना काही आठवड्यांचा वेढा पुरला. तिचा घुमट समजून घ्यायला शंभराहून अधिक वर्षे लागली. एदिर्ने येथील सेलिमियेत सिनानने जवळजवळ तेवढाच घुमट आठ खांबांवर तोलला, आणि त्याच काळात जुन्या आयासोफियाला आधारभिंती घालून तिचे आयुष्यही वाढवले. शिष्याने गुरूला खांदा दिला तो असा.

जिंकणे आणि शिकणे यांतला हा फरक आमच्या प्रांतातही दिसतो. जुन्या देवळांत खांबावर तुळई आणि तुळईवर फरशा असत. अंतर वाढले की दगड मोडे. कमानीत पाचरीच्या आकाराचे दगड एकमेकांना दाबून धरतात, मधला कळीचा दगड त्यांना अडवतो आणि भार बाजूंच्या भिंतींत उतरतो. साताऱ्याजवळ लिंब येथे वीरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६ (इ. स. १७१९-१७२४) या काळात बांधलेली बारा मोटांची विहीर पाहावी. तिच्या कमानी कोणी परक्याच्या म्हणणार नाही. परकी विद्या हाताला वळण लावून, पाण्याच्या कामी येऊन घरची झाली. मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्याचेही तसेच. उरुसाचा पहिला गलेफ चर्मकार समाजाचा असतो, आणि अब्दुल करीम खाँच्या स्मृतीला तिथे गायक हजेरी लावतात. असा घुमट सुलतानाचा राहत नाही, गावाचा होतो.

उलट वाईजवळ मेणवलीच्या घाटावर एक घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मारियामातेची आकृती आणि १७०७ हा आकडा आहे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर ती तिथून आली. ती जिंकलेली वस्तू आहे. जपली गेली याचा आम्हांला आनंद आहे, पण तिच्यापासून कोणी घंटा ओतायला शिकला असे दिसत नाही. जिंकलेली वस्तू जिथली तिथेच थांबते; शिकलेली वाढत जाते.

हा निकष आम्ही स्वतःलाही लावावा. आमच्या नव्या देवळांत सिमेंटच्या तुळईवर छत टेकते आणि खाली टोकदार कमानी नुसत्या चिकटवलेल्या असतात, कारण त्या ‘चर्चसारख्या’ दिसतात. पण टोकदार कमान कैरोच्या इब्न तुलून मशिदीत ८७९ मध्ये भार वाहत होती. पॅरिसजवळ सेंट डेनिसचे देऊळ ११४४ चे. युरोपने ती शिकून घेतली, तिच्यावर आभाळ तोलले. आम्ही मात्र तिचे चित्र लावतो.

पुढचे देऊळ बांधताना समितीने परदेशी छायाचित्रे जरूर पाहावीत. पण त्याआधी एकदा लिंबच्या विहिरीत उतरून वर पाहावे. दगड एकमेकांना कसे धरून आहेत, ते तिथे हाताला लागते.