हरलेला देव, लपवलेला फासा

आमच्या निरवांगी परिसरात खंडोबाच्या जागरणात एक सारीपाट हमखास येतो. म्हाळसेशी खेळताना देव हरतो, पैजेप्रमाणे बारा वर्षे घर सोडतो आणि बाणाईची मेंढरे राखतो. श्रोते हसतात, देव मुद्दाम हरला, हे त्यांना ठाऊक असते.

१९७४ साली अमेरिकेत निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळातही हाच पेच आहे. तिथे सूत्रधार कथा चालवतो, बाकीचे पात्रे होतात, निकाल फासे देतात. गोष्ट रंगावी म्हणून सूत्रधाराने आडोशामागे पडलेले दान बदलावे का? खेळाचे एक जनक गॅरी गायगॅक्स यांनी १९७९च्या मार्गदर्शक ग्रंथात तशी मुभा दिली.

मला ती पटत नाही. शकुनी जिंकण्यासाठी फसवतो, खंडोबा कथा पुढे नेण्यासाठी. म्हणून दुसऱ्याला आपण माफ करतो. पण डाव म्हाळसेच्या बाजूने पाहा. ती जिंकली असे तिला वाटले आणि त्याच जिंकलेल्या डावातून घरात सवत आली. निदान देवाने बारा वर्षांची चाकरी तरी सोसली. दान बदलणारा सूत्रधार काय सोसतो? खेळाडूंची जीत मात्र पोकळ होते. नियम वाकवायचा तर फासा टाकण्याआधी, सर्वांदेखत वाकवावा. पडलेले दान सूत्रधारालाही बांधते.