अनुदान तीन वर्षांचं, निकाल सोळा वर्षांनी

पेटची तयारी करणाऱ्यांना ‘मूल्यमापन संशोधन’ हा भाग माहीत असतो. योजना सुरू होण्याआधी मोजा, नंतर मोजा, फरक काढा. पुस्तकात अर्ध्या पानात संपतं. प्रत्यक्षात ते कसं बिघडतं हे बघायचं असेल तर इंग्लंडमधल्या ‘शुअर स्टार्ट’ योजनेची मूल्यमापनं एकापाठोपाठ एक वाचा. योजना तीच, पण उत्तरं निरनिराळी आली, आणि सगळ्यात भक्कम उत्तर हातात येईपर्यंत योजनेचे बहुतेक पैसे काढून घेतले गेले होते.

आधी योजना समजून घेऊ. १९९८ मध्ये ब्रिटिश सरकारने ती जाहीर केली आणि १९९९ पासून गरीब वस्त्यांमध्ये स्थानिक केंद्रं उघडायला सुरुवात झाली. चार वर्षांखालची मुलं आणि त्यांचे पालक यांच्यासाठी आरोग्यसेवा, पाळणाघर, खेळगट, घरी जाऊन भेटी, पालकांना नोकरीसाठी मदत, हे सगळं जवळपास एका छपराखाली. पहिल्या तीन वर्षांसाठी सुमारे ४५ कोटी पौंड ठेवले होते. दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागतील. पहिली, वस्तीत राहणारं प्रत्येक कुटुंब पात्र होतं. गरिबीचा दाखला कुणी मागत नव्हतं. दुसरी, नेमक्या कुठल्या सेवा द्यायच्या हे स्थानिक मंडळ ठरवत असे आणि त्यात पालकही असत. दोन्ही कल्पना मला माणूस म्हणून आवडतात. संशोधकाची मात्र दोन्हींनी झोप उडते, कारण ‘उपचार’ म्हणजे नेमकं काय हे दर वस्तीला बदलतं.

चिठ्ठ्या टाकून वस्त्या निवडाव्यात, म्हणजे स्वच्छ तुलना करता येईल, हा मार्ग सरकारने बंदच ठेवला. मग लंडनच्या बर्कबेक कॉलेजमधल्या गटाने जमेल ते केलं: योजना असलेल्या १५० वस्त्या, योजना अजून न आलेल्या ५० वस्त्या, आणि दोन्हीकडची ९ महिन्यांची आणि ३ वर्षांची मुलं. २००६ मध्ये ‘बीएमजे’त आलेला निकाल धक्कादायक होता. तुलनेने बऱ्या स्थितीतल्या कुटुंबांना थोडा फायदा, पण अगदी कमी वयाच्या आया, एकल पालक आणि कुणालाच काम नसलेली घरं यांची मुलं योजनेच्या वस्त्यांमध्ये उलट मागे. ज्यांच्यासाठी योजना, त्यांचंच नुकसान! बऱ्या स्थितीतल्या पालकांनी सेवा पटकावल्या आणि बाकीच्यांच्या वाट्याला कमी आलं असावं, असा लेखकांचा अंदाज होता.

पेपर प्रामाणिक आहे. माझा आक्षेप मोजण्याच्या वेळेवर आहे. केंद्राला जागा मिळवणं, माणसं नेमणं, वस्तीत विश्वास कमावणं यात तीनेक वर्षं सहज जातात. म्हणजे मोजलेल्या तीन वर्षांच्या मुलांपैकी बऱ्याच जणांनी अर्धवट उभी राहिलेली केंद्रंच पाहिली. मी मूळची मायक्रोबायोलॉजीची. कल्चर लॅग फेजमध्ये असताना रीडिंग घेऊन ‘वाढ होत नाही’ असं जर्नलमध्ये लिहिलं, तर गाइड काय म्हणतील हे तुम्हाला सांगायला नको. इथे मात्र अनुदान देणाऱ्याला पुढच्या अर्थसंकल्पाआधी आकडा हवा होता.

त्याच गटाचा २००८ चा ‘लॅन्सेट’मधला पेपर वेगळं सांगतो. आता केंद्रं स्थिरावली होती. ३ वर्षांच्या मुलांचं सामाजिक वागणं सुधारलं, घरातली आदळआपट कमी झाली, आणि नुकसान कुठल्याच गटात दिसलं नाही. पण घाईने टाळ्या वाजवू नका, पद्धतीचा भाग वाचा. तुलनेची मुलं दुसऱ्याच एका मोठ्या अभ्यासातून, ‘मिलेनियम कोहोर्ट’मधून, घेतलेली आहेत आणि त्यांची माहिती सुमारे दोन वर्षं आधी गोळा झालेली आहे. दोन वर्षांत देशभर बरंच काही बदलतं. लसीकरण आणि अपघात यांतला फरक योजनेमुळे नसून या कालांतरामुळे असावा, हे लेखकांनीच कबूल केलंय. मग वागण्यातल्या फरकालाही तीच शंका थोडीफार लागू नये का? माझ्या मते लागते.

२०११ मध्ये नव्या सरकारने योजनेचा राखीव निधी मोठ्या सामाईक अनुदानात मिसळून टाकला. स्थानिक पालिकांवर तो या कामासाठीच वापरायचं बंधन उरलं नाही. पालिकांचे एकूण पैसेही आटत होते. पुढच्या दशकात या योजनेवरचा खर्च शिखराच्या सुमारे एक तृतीयांशावर आला.

आणि मग उत्तरं यायला लागली. ‘इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज’च्या अर्थतज्ज्ञांनी नवी मुलं गोळा केलीच नाहीत. त्यांनी रुग्णालयांच्या आणि शाळांच्या सरकारी नोंदी घेतल्या, आणि कुठलं केंद्र कुठे, कोणत्या तारखेला उघडलं ते त्यांना जोडलं. केंद्रं टप्प्याटप्प्याने उघडली होती. त्यामुळे एकाच भागातली आधी जन्मलेली आणि नंतर जन्मलेली मुलं यांची तुलना शक्य झाली. त्यांच्या आरोग्यावरच्या कामात पहिल्या वर्षी मुलं रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसतं, नंतर ते कमी कमी होत जातं. आश्चर्य नको. लहान मुलं एकत्र आली की संसर्ग होणारच, आणि पालक जागरूक झाले की डॉक्टरकडे लवकर जाणारच. पण मोजणी एक वर्षावर थांबवली असती तर या योजनेने मुलं आजारी पाडली असं छापून आलं असतं.

२०२४ चा शिक्षणावरचा अहवाल मी तुम्हाला मुद्दाम वाचायला सांगेन. पहिली पाच वर्षं केंद्राच्या २.५ किलोमीटरच्या आत राहिलेल्या, शाळेत मोफत जेवण मिळणाऱ्या गरीब मुलांचे सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेतले गुण सुमारे तीन श्रेणींनी वाढले. म्हणजे तीन विषयांत डीऐवजी सी. आणि खरी गंमत पुढे आहे: हा फायदा सगळा सुरुवातीच्या स्थानिक केंद्रांचा होता. २००० च्या दशकाच्या मध्यात योजना देशभर पसरली, ताबा पालिकांकडे गेला, दर केंद्रामागचा पैसा कमी झाला. त्या नंतरच्या केंद्रांचा असा परिणाम दिसत नाही.

इथे माझी तक्रार आहे. पैसा कमी झाला, पालकांचा सहभाग कमी झाला, घरभेटी कमी झाल्या, आणि हे सगळं साधारण एकाच वेळी. मग फायदा नेमका कशाचा होता? नोंदींवरून ते वेगळं काढता येत नाही, कारण त्या पत्ता सांगतात, केंद्रात कोण गेलं आणि काय मिळालं ते सांगत नाहीत. बर्कबेकच्या अभ्यासांतही मापन पत्त्याचंच होतं. इतक्या वर्षांत पद्धत खूप सुधारली, पण केंद्राच्या दारावर साधं हजेरीचं रजिस्टर नीट असतं तर किती काम सोपं झालं असतं!

तुमच्यापैकी काहीजण आपल्याकडच्या योजनांवर काम करणार आहात, म्हणून थोडं इकडचं. आपली राष्ट्रीय पाळणाघर योजना १ जानेवारी २०१७ पासून नव्या रचनेत आली. पैसा केंद्र, राज्य आणि स्वयंसेवी संस्था यांच्यात ६०:३०:१० असा वाटला गेला, आणि तो राज्यांमार्फत येऊ लागला. पुढच्या काही वर्षांत चालू पाळणाघरांची संख्या खूप घसरली. संशोधकाच्या नजरेने बघा: रचना सगळीकडे एकाच तारखेला बदलली, तर तुलनेला गट कुठून आणणार? त्याउलट २०२२ मध्ये ‘मिशन शक्ती’खाली आलेल्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाड्यांना जोडून पाळणाघरं टप्प्याटप्प्याने उघडतायत. म्हणजे तुलना शक्य आहे, पण उघडण्याच्या तारखा गावनिहाय आत्ताच जमवल्या तर.

फक्त इंग्लंडची २.५ किलोमीटरची युक्ती इथे जशीच्या तशी उचलू नका. बीडचं ऊसतोडीचं कुटुंब दिवाळीच्या सुमारास गाव सोडतं आणि हंगाम संपेपर्यंत कारखान्याच्या पट्ट्यात कोपीत राहतं. मुलाचं नाव गावच्या अंगणवाडीत, मूल फडावर. नकाशावर त्याच्या घराशेजारी पाळणाघर दिसेल आणि तुमचा रिग्रेशन त्याला ‘लाभार्थी’ धरेल. अशा मुलांसाठी पत्त्याऐवजी मुकादमाच्या यादीपासून सुरुवात करावी लागेल, आणि ती यादी मिळवायला हंगाम सुरू व्हायच्या आधी गावात जावं लागेल.