पुड्याची पाठ

कथा, कादंबरी, कविता आणि नाटक असे वाङ्मयाचे चार प्रकार आम्हांला शाळेत शिकवले होते. पाचवा प्रकार पुढं किराणा मालाच्या पुड्यांवर जन्माला आला, आणि त्याला अजून समीक्षक मिळालेला नाही. हे वाङ्मय पुड्याच्या पोटावर मोठ्या अक्षरांत आणि पाठीवर मुंगीच्या अक्षरांत छापलेलं असतं. पोटावर कवी लिहितो, पाठीवर कारकून. माझी सगळी हयात कारकुनीत गेली, तेव्हा माझा ओढा साहजिकच पाठीकडे. शिवाय कवीला काहीही लिहायची मुभा असते. कारकुनाच्या मानेवर कायदा बसलेला असतो. त्यामुळं आत खरं काय आहे, ते त्याच्याकडंच कळतं.

हे वाङ्मय सध्या ऐन बहरात आहे ते 'नैसर्गिक' म्हणवणाऱ्या श्रीमंती दुकानांत. तुम्ही पाहिलीच असतील. काचेचं दार, आत गारवा, कुठूनतरी येणारी बासरी, आणि वेताच्या टोपलीत साखरपुड्याला बसवल्यासारखी मांडलेली चार वांगी. भाव काळ्या पाटीवर खडूनं लिहिलेला. तो वाचला की खडू हातातून गळावा असा असतो, ही गोष्ट वेगळी. डाळ गोणपाटाच्या चिमुकल्या पिशवीत. गोणपाट पूर्वी आमच्याकडं मोरीच्या दाराशी पाय पुसायला असायचं. आता ते डाळीच्या अंगावर चढलंय आणि त्याचे पैसे निराळे.

आमच्या घरात हे दुकान शिरलं ते हिच्या मधुमेहाचं बोट धरून. डॉक्टर म्हणाले, मैदा-साखर बंद, नाचणी चालेल. आता चहाबरोबर काहीतरी हवंच, या मुद्द्यावर आमची ही डॉक्टरांचंच काय, धन्वंतरीचंही ऐकणार नाही. तेव्हा ठाण्याच्या एका दुकानातली नाचणीची बिस्किटं सुरू झाली. महाग होती, पण पाठीवर पाचच शब्द होते. नाचणी, गूळ, तूप, वेलदोडा, मीठ. दुकानाचा मालक स्वतः गल्ल्यावर बसायचा. गूळ कुठला म्हणून विचारलं तर गुऱ्हाळाचं गाव सांगायचा, आणि 'या खेपेला जरा खारट उतरलाय, आठ दिवसांनी न्या' असंही सांगायचा. माल घेऊ नका म्हणणारा दुकानदार ज्याला आयुष्यात एकदा भेटला, तो त्याला विसरत नाही.

मला रिकामे पुडे फायलीला लावायची सवय आहे. ही त्याला वेड म्हणते. पण त्या फायलीमुळंच मला आज पुराव्यानिशी बोलता येतं. दुकानाच्या एकाच्या पाच शाखा झाल्या, मालक गल्ल्यावरून उठून कुठंतरी वर गेला, आणि पुड्याच्या पोटावरची नाचणीची कणसं अधिकाधिक टपोरी होत गेली. पाठीवरची यादी मात्र लांबत चालली. हल्लीच्या पुड्यावर ती अशी आहे : मैदा, साखर, पाम तेल, नाचणी (११%), गूळ पावडर (२%), आणि मग आकडे. ३२२, ४७१, ५००.

आकड्यांना घाबरणाऱ्यांपैकी मी नव्हे. ५०० म्हणजे आपला खायचा सोडा. ३२२ म्हणजे लेसिथिन, ते बहुधा सोयाबीनमधून काढतात. ३३० दिसला की काहीजण अंगावर पाल पडल्यासारखे किंचाळतात. ते लिंबात असतं तेच सायट्रिक आम्ल. आकड्यांबद्दल माझी तक्रार नाही, क्रमाबद्दल आहे. घटक उतरत्या वजनानं लिहायचे असा कायदा आहे. म्हणजे यादीतला पहिला तो घरातला कर्ता. नाचणीच्या बिस्किटात कर्ता मैदा, त्याची पत्नी साखर, आणि नाचणी ही माडीवर राहायला आलेली लांबची आत्या. ज्या घटकाचा पोटावर गाजावाजा, त्याची टक्केवारी पाठीवर द्यायची असाही नियम आहे, म्हणून ती ११ टक्के आत्या सापडली तरी.

काउंटरवरच्या मुलाला मी विचारलं, "यात नाचणी किती?"

"सर, हेल्दी आहे."

"ते झालं. नाचणी किती?"

"सर, फुल हेल्दी आहे."

मुलगा सज्जन होता. त्यानं ते बिस्कीट कधी खाल्लं नव्हतं, आणि त्याच्या पगारात तो खाणारही नव्हता. मी पुडा परत ठेवला. हिचा चेहरा उतरला. चार वाजताच्या चहाला आता काय, हा प्रश्न तिच्यापुढं होता आणि मैदा-साखरेचा कागद माझ्यापुढं. मालाची प्रत घसरली, असं आपण म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ हाच असतो. दुकानात माल ओळखणारा माणूस उरत नाही.

'नैसर्गिक' या शब्दाचं म्हणाल, तर सरकारनं २०१८ साली दावे आणि जाहिरातींचे नियम केले आहेत. काहीही न मिसळलेला एकच पदार्थ असेल तरच त्याला 'नॅचरल' म्हणायचं. पाच जिनसा एकत्र कालवल्या की तो हक्क गेला. फार तर 'नैसर्गिक घटकांपासून बनवलेले' म्हणा, तेही सगळे घटक तसे असतील तर. पण नावातच 'प्युअर', 'नॅचरल', 'ट्रॅडिशनल' असलं काही असेल आणि त्यानं गिऱ्हाईक फसण्यासारखं असेल, तर खाली किमान तीन मिलिमीटरच्या अक्षरांत खुलासा छापायचा. खुलासा असा : हे फक्त व्यापारी नाव आहे, मालाचं खरं स्वरूप दाखवत नाही. हे वाक्य मी दोनदा वाचलं. 'सत्यवान' नावाच्या गृहस्थानं व्हिजिटिंग कार्डाच्या तळाशी 'हे केवळ नाव आहे' असं छापावं, तसाच हा प्रकार.

'सेंद्रिय' शब्दाला मात्र २०१७ पासून दाखला लागतो आणि 'जैविक भारत' ही खूण लागते. म्हणून चतुर मंडळी तो शब्द टाळून 'शेतातून थेट', 'आजीच्या हातचं' असं लिहितात. आजीला दाखला लागत नाही. एका लोणच्याच्या बरणीवर आजीचं चित्र आणि खाली बॅच नंबर होता. बॅच नंबर असलेली आजी मी तरी प्रथमच पाहिली. फळांच्या रसाचंही तेच. आटवलेल्या रसात पुन्हा पाणी घालून केलेल्या रसावर 'शंभर टक्के फळांचा रस' लिहू नका, असं अन्न सुरक्षा प्राधिकरणाला जून २०२४ मध्ये फर्मान काढून सांगावं लागलं. शंभरातले किती टक्के नळाचे, हे तोवर कवीनं कुणाला सांगितलेलं नव्हतं.

आता थोडं आमच्या गावाबद्दल. आम्ही मानकोलीला राहतो. पाट्यांवर कुणी मानकोली लिहितं, कुणी माणकोली; ट्रकवाले दोन्ही वाचत नाहीत. मुंबई-नाशिक रस्त्यावर, भिवंडीच्या अलीकडं. एकेकाळी इथं भातखाचरं होती. मुंबईत माल शिरला की जकात भरावी लागे, म्हणून व्यापाऱ्यांनी हद्दीबाहेर आमच्या शेतांत गोदामं बांधली. जकात २०१७ च्या जुलैत गेली; गोदामं गेली नाहीत, उलट वाढली. साबण, टीव्ही, औषधं, चपला, दूधपावडर, सगळा भारत आमच्याकडं मुक्कामाला असतो. आम्हांला त्यातलं काही मिळत नाही. फक्त वाहतूक खोळंबते.

तर त्याच ठाण्याच्या दुकानातून हिनं एकदा तांदूळ आणला. गोणपाटाची पिशवी, वर डोंगराचं चित्र, 'सह्याद्रीच्या कुशीतून'. मी नेहमीप्रमाणं भिंग घेऊन पाठीकडं वळलो. पॅकिंगचा पत्ता पूर्ण द्यावा लागतो, तो दिलेला होता : गाळा नंबर अमुक, मानकोली, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे. सह्याद्रीची कुशी आमच्या घरापासून चालत सात मिनिटांवर निघाली. तांदूळ इथून ट्रकनं खाडी ओलांडून ठाण्याला गेला, तिथं बासरी ऐकली, आणि दुप्पट भावानं आमच्या पिशवीतून परत माहेरी आला.

शेजारचा आगरी मुलगा त्याच गोदामात हमाली करतो. तो पिशवी पाहून हसायलाच लागला.

"काका, तांदूल आनाला ठान्याला कशाला गेलाव? तांदूल तोच, पिशवी येगली."

म्हणजे एकाच गोणीतला माल, काही प्लॅस्टिकच्या पिशवीत, काही गोणपाटात. हमालाच्या साक्षीवर खटला उभा राहत नाही हे मला ठाऊक आहे. पण गोणपाटातल्या तांदळाचा भात खाल्लेला साक्षीदार मी स्वतः आहे, आणि नाक्यावरच्या वाण्याच्या तांदळाहून तो तसूभर निराळा नव्हता.

वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. पहिली दोन-तीन वर्षं याच दुकानात वाड्याचा कोलम मिळायचा. पिशवीवर शेतकऱ्याच्या गावाचं नाव हातानं लिहिलेलं. वाडा इथून काही लांब नाही. त्या झिणी कोलमला २०२१ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणजे नावाला कायद्याचं कुंपण आलं, आणि नेमकं त्यानंतर दुकानातल्या पिशवीवर गाव जाऊन डोंगर आला. गावाला जाऊन खात्री करता येते. डोंगराला कोण विचारणार?

न्यू जर्सीतली माझी भाची म्हणते, "मामा, आमच्याकडंही हेच." अमेरिकेत १९८० साली टेक्सासमधल्या ऑस्टिनला 'होल फूड्स' नावाचं असं दुकान निघालं. त्याच्या शेकडो शाखा झाल्या आणि २०१७ साली अॅमेझॉननं ते १३.७ अब्ज डॉलरला घेतलं. त्याआधी २०१५ साली न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक खात्यानं वजनं तपासली, तेव्हा पुड्यावर जास्त आणि पुड्यात कमी असा हिशेब निघाला, आणि पाच लाख डॉलर भरून तडजोड झाली. त्याच साली त्यांच्या कॅलिफोर्नियातल्या एका शाखेत पाण्याच्या बाटलीत अॅस्परॅगसच्या तीन काड्या टाकून ती सहा डॉलरला एक सेंट कमी अशी ठेवली होती. अॅस्परॅगस म्हणजे आपल्या शतावरीची बहीण. लोक हसले तेव्हा बाटली काढून घेतली. आमच्या वैद्यबुवांनी शतावरी निदान दुधात तरी दिली असती.

मधाची कहाणी आपल्या घरची. दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट'नं २०२० च्या डिसेंबरात तेरा ब्रँडांच्या मधाची जर्मनीतल्या प्रयोगशाळेत तपासणी केल्याचं जाहीर केलं. बावीसपैकी पाचच नमुने सगळ्या कसोट्यांना उतरले. इथल्या नेहमीच्या चाचण्यांत बरेचसे पास झाले होते, कारण साखरेचा पाकच असा तयार होतो की चाचणीला चकवावा. पेपर फुटलेल्या परीक्षेत पास झालेला मध! आणि इकडं साताऱ्यात महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ साली देशातलं पहिलं 'मधाचं गाव' जाहीर झालं. तिथं मधमाश्या आहेत, माणसं आहेत, नाव-गाव आहे.

आता यावर 'जुना वाणी बरा होता' असं म्हणून गहिवरायची चाल आहे. मी गहिवरणार नाही. तांदळात खडे, मिरीत पपईच्या बिया, हे त्या वाण्याचंच देणं. भेसळीविरुद्ध १९५४ साली कायदा उगाच झाला नाही. वनस्पती तुपात किमान पाच टक्के तिळाचं तेल घालायची सक्ती होती, ती एवढ्याचसाठी की ते साजूक तुपात मिसळलं तर प्रयोगशाळेत रंगावरून पकडता यावं. पण वाण्याची भेसळ सुपात पाखडता यायची, आणि वाण्याला दुकानात जाऊन चार लोकांदेखत सुनावता यायचं. तो ओशाळायचा. पाच शाखांच्या दुकानात ओशाळायचं खातंच नसतं, 'फीडबॅक'चं असतं.

मुंबई ग्राहक पंचायतीनं १९७५ साली यावर एक साधा तोडगा काढला, तो मला अजून पटतो. आसपासच्या कुटुंबांनी मिळून संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, माल आला की एकाच्या घरी बसून आपणच वाटून घ्यायचा. त्यात बासरी नाही, वेताची टोपली नाही, आणि डाळीची गोणी उचलताना कंबर धरते. पण डाळ वाईट आली तर दहा बायका एका वेळी बोलतात. त्या आवाजापुढं तीन मिलिमीटरचा खुलासा टिकत नाही.

चहाच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी शेजारच्या आगरी काकूंनी दिलं. त्यांच्याकडं जात्यावर नाचणी दळलेली असते. हिनं तव्यावर पातळ पापड्या केल्या. पहिल्या खेपेला दात हलला. आता बऱ्या होतात.

ठाण्याच्या दुकानात मी मात्र अजून जातो, वाचायला. परवा तिथं 'लोकल' नावाचा नवा कप्पा उघडलाय. आसपासच्या गावचा माल म्हणे. ही सगळा कप्पा पाहून आली आणि म्हणाली, "अहो, यात आपल्या भिवंडीकडचं काहीच नाही."

मी खिशातून भिंग काढून तिच्या हातात दिलं.