हत्तीचे क्षेत्रफळ

हत्तीला सोंडेपासून शेपटीपर्यंत रंग द्यायचा झाला, तर किती डबे लागतील? हसू नका. केरळ कृषी विद्यापीठाच्या के. पी. श्रीकुमार आणि जी. निर्मलन यांनी भारतीय हत्तीच्या कातडीचे एकूण क्षेत्रफळ काढायचे सूत्र बसवले आणि १९९० साली रीतसर छापले. त्याबद्दल २००२ साली त्यांना गणिताचे ‘इग नोबेल’ मिळाले. आधी हसवील आणि मग विचार करायला लावील अशा संशोधनासाठी हे पारितोषिक अमेरिकेत १९९१ साली सुरू झाले. बक्षीस म्हणून अनेक वर्षे झिंबाब्वेची दहा लाख कोटी डॉलरची नोट देत. आकडा ऐकून आमच्या कॅशियरला घाम फुटेल. पण नोट चलनातून बाद झालेली!

माझी तक्रार आहे ती पारितोषिकाबद्दल नाही, आपल्या वाचण्याबद्दल. आपण मथळा वाचतो, हसतो आणि पान उलटतो. ‘मग विचार’ हा हप्ता कायमचा थकबाकीत!

वास्तविक हत्तीचा निबंध मोठा सरळ आहे. एवढ्या धुडाची उष्णता कातडीवाटे बाहेर पडते, म्हणून कातडी किती हे कळायला हवे. पण दर वेळी हत्तीला टेप गुंडाळणार कोण? तेव्हा उंची घ्या, पुढच्या पायाचा घेर घ्या, सूत्रात घाला, झाले. बी.कॉम.ला इतके सुटसुटीत सूत्र आम्हांला कुणी दिले नाही.

दुसरा नमुना बंगळूरच्या ‘निम्हान्स’चा. चित्तरंजन अंद्राडे आणि बी. एस. श्रीहरी या मनोविकारतज्ज्ञांनी २०० शाळकरी मुलामुलींना विचारले, नाकात बोट घालता का? जवळजवळ सगळ्यांनी ‘हो’ म्हटले. साधारण दिवसाला चार वेळा! त्यांना २००१ साली सार्वजनिक आरोग्याचे इग नोबेल मिळाले. आता यात कसले संशोधन, असे म्हणाल. पण कुणी नाकातून रक्त येईपर्यंत बोट घालतो, तेव्हा सवय संपून आजार कुठे सुरू होतो, हे चारचौघांची सवय मोजल्याशिवाय ठरवणार कसे?

या लेखनाचा खरा गुण म्हणजे लेखक स्वतः हसत नाही. आमच्यासारखे विनोद लिहिणारे दर दोन ओळींनी वाचकाला कोपराने ढोसतात, ‘बघा हं, आता गंमत!’ इथे गंभीर चेहऱ्याने कोष्टक मांडलेले असते, आणि हसू आपले आपण येते.

आता आंद्रे गाइम पाहा. त्यांनी १९९७ साली जबर चुंबकाच्या जोरावर जिवंत बेडूक हवेत तरंगवला. त्यासाठी २००० साली मायकेल बेरी यांच्यासह त्यांना इग नोबेल मिळाले. कर्जाच्या अर्जात ‘प्रयोजन’ असा रकाना असतो. तिथे कुणी ‘बेडूक तरंगवणे’ लिहिले, तर आमचे साहेब शिपायाला बोलावतील. पण याच गृहस्थांनी २००४ साली साध्या चिकटपट्टीने ग्राफाइटचे थर सोलत सोलत ग्राफीन मिळवले, आणि २०१० साली कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांच्यासह खरेखुरे नोबेल पटकावले.

प्रत्येक बेडकामागे नोबेल असते असे नाही. पुष्कळसे बेडूक नुसतेच खाली येतात. पण कुठला बेडूक कुठे नेईल हे अर्जाच्या दिवशी संशोधकालाही ठाऊक नसते, मग काउंटरमागच्या माणसाला कुठून असणार? म्हणून ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न जरूर विचारावा. फक्त निबंध वाचून झाल्यावर.