दोन डॉलरची वाहिनी

सन २००० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोची केआरओएन ही स्थानिक दूरचित्रवाहिनी ८२ कोटी ३० लाख डॉलरना विकली गेली. नऊ वर्षांनी कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहराची ‘चेक’ वाहिनी दोन डॉलरना गेली. कॅनडाचे डॉलर, म्हणजे आणखी स्वस्त. दोन्ही व्यवहारांत दर ठरला तो परवाना, प्रक्षेपण लहरी, जाहिरातींचा बाजार आणि विकणाऱ्याच्या गळ्याशी आलेले कर्ज यांवर. गावात फिरून बातमी आणणाऱ्या माणसांच्या कसबाची किंमत दोन्हीकडे धरलेलीच नव्हती. स्थानिक स्वतंत्र वाहिनी विक्रीला निघते तेव्हा तिच्या भवितव्याची जी चिंता केली जाते, ती बहुतेक वेळा खरेदीदार मिळेल का एवढ्यावरच थांबते. खरा प्रश्न खरेदीदार मिळाल्यानंतर सुरू होतो.

हे कसब काय आहे ते लॉस एंजेलिसच्या केटीएलए या वाहिनीकडे पाहिले की कळते. एप्रिल १९४९ मध्ये सॅन मरिनो इथे कॅथी फिस्कस ही तीन वर्षांची मुलगी पडक्या विहिरीच्या नळीत पडली. केटीएलएने कॅमेरे थेट तिथे नेले आणि सत्तावीस तासांहून अधिक काळ प्रक्षेपण चालू ठेवले. मुलगी वाचली नाही. पण घडते आहे तिथे जाऊन उभे राहायचे आणि शेवट काय होणार हे ठाऊक नसताना बोलत राहायचे, ही स्थानिक दूरचित्रवाणीची रीत त्या रात्री घडली. वार्ताहर स्टॅन चेंबर्स तिथे होते. पुढे सहा दशके ते त्याच वाहिनीत राहिले. हेलिकॉप्टरमधून थेट चित्रण करण्याचा पहिला प्रयोगही याच वाहिनीचा, १९५८ मधला. आज त्याच हेलिकॉप्टरची पळत्या मोटारींमागे धावणारी करमणूक झाली आहे, तो भाग वेगळा. मार्च १९९१ मध्ये पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय मोटारचालकाला केलेली मारहाण जॉर्ज हॉलिडे यांनी आपल्या घरातून टिपली, तेव्हा ती टेप त्यांनी केटीएलएकडे नेऊन दिली. आपल्या गावची वाहिनी कोणती हे लोकांना माहीत असते, ते असे. या काळात तिचे मालक मात्र बदलतच होते: १९६४ मध्ये गाणारे काउबॉय-नट जीन ऑट्री यांनी ती १ कोटी २० लाखांना घेतली, १९८५ मध्ये ट्रिब्यून कंपनीने ५१ कोटींना. न्यूजरूम जागेवर होती, म्हणून मालक बदलले तरी चालून गेले.

केआरओएनचे तसे झाले नाही. १९४९ पासून ही वाहिनी ‘क्रॉनिकल’ वृत्तपत्राच्या मालक कुटुंबाची होती आणि एनबीसी नेटवर्कशी जोडलेली. कुटुंबाने सगळा कारभार मोडीत काढला. स्वतः एनबीसीच बोलीत उतरली होती, पण यंग ब्रॉडकास्टिंगने डॉटकॉमच्या ऐन तेजीत कर्ज काढून तिच्यावर मात केली. चिडलेल्या नेटवर्कने मग अटी घातल्या: वाहिनीच्या नावात एनबीसी घाला, दरवर्षी एक कोटी द्या, आमचे कार्यक्रम आमच्या वेळेला दाखवा. यंगने नकार दिला. १ जानेवारी २००२ पासून एनबीसी सॅन होजेच्या केएनटीव्हीवर गेली आणि केआरओएन कुठल्याच नेटवर्कची न राहता ‘स्वतंत्र’ झाली. कर्ज फेडण्यासाठी यंगला आपली लॉस एंजेलिसची केसीएएल ही वाहिनी ६५ कोटींना व्हायकॉमला विकावी लागली.

स्वातंत्र्य असे अंगावर येऊन पडले की त्याचे पहिले रूप काटकसरीचे असते. २००५ मध्ये केआरओएनने एकाच माणसाने कॅमेरा धरायचा, प्रश्न विचारायचे आणि संकलनही करायचे, अशी पद्धत आणली. मायकेल रोझेनब्लम या प्रशिक्षकाने तिचा हिरिरीने पुरस्कार केला होता. कल्पना मुळीच टाकाऊ नव्हती. जास्त माणसे जास्त गल्ल्यांत पोचतील आणि कॅमेऱ्याचे दडपण नसल्याने लोक मोकळे बोलतील, यात तथ्य होते. आज तर जगभर अनेक वार्ताहर तसेच काम करतात. पण काटकसरीला कलेचे नाव दिले की परीक्षण थांबते. फ्रेम सांभाळणाऱ्याचे लक्ष समोरच्याच्या उत्तरातल्या फटीकडे जात नाही. दुसरा प्रश्न राहून जातो आणि बातमी राहते ती त्या दुसऱ्या प्रश्नात. जानेवारी २००८ मध्ये यंगने वाहिनी विकायला काढली. गिऱ्हाईक आले नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

त्याच महिन्यात कॅनडात कर्जाखाली दबलेल्या कॅनवेस्टने आपल्या पाच छोट्या वाहिन्यांचे काय करायचे याचा फेरविचार जाहीर केला. हॅमिल्टनची सीएचसीएच आणि मॉन्ट्रियलची एक वाहिनी मिळून बारा डॉलरना चॅनेल झीरो या कंपनीने घेतल्या. अल्बर्टातल्या रेड डिअरची वाहिनी ऑगस्टअखेर बंद पडली. व्हिक्टोरियाच्या चेकवरही तीच पाळी होती; पण कर्मचाऱ्यांनी स्वतःचे पैसे घातले, स्थानिक गुंतवणूकदार जोडले, सुमारे २५ लाख डॉलर उभे केले आणि नाममात्र दोन डॉलरना वाहिनी ताब्यात घेतली.

हॅमिल्टनची कथा मात्र कडू आहे. पोलाद कारखान्यांचे हे शहर टोरांटोच्या सावलीत असते. तिथल्या वाहिन्यांना हॅमिल्टन आठवते ते आग लागल्यावर. सीएचसीएचने दिवसभर बातम्यांचा धाडसी बेत आखला आणि रात्री जुने चित्रपट लावले. छोट्या बाजारपेठांतल्या वाहिन्यांसाठी केबल कंपन्यांच्या मिळकतीतून चालणारा, सीएचसीएचलाही मिळणारा निधी २०१४ मध्ये संपला. ११ डिसेंबर २०१५ रोजी बातम्या एकाएकी थांबल्या. बातम्या तयार करणारी कंपनी कागदोपत्री वेगळी होती. दिवाळे तिचे निघाले, परवाना दुसऱ्या कंपनीकडे सुरक्षित राहिला. १२९ पूर्णवेळ आणि ३८ अर्धवेळ माणसे गेली, त्यांतली निम्म्याच्या आसपास परत बोलावली गेली. वाहिनी ‘वाचली’ म्हणतात तेव्हा काय वाचले, हे इतक्या उघडपणे क्वचितच दिसते.

अमेरिकेत तर लहरी नुसत्या विकूनही पैसा मिळाला. २०१७ मध्ये संपलेल्या सरकारी लिलावात १७५ वाहिन्यांनी आपल्या लहरी मोबाइल सेवांसाठी सोडल्या आणि हजार कोटी डॉलर घेतले. त्याच वर्षी केआरओएन नेक्स्टार या साखळीत गेली, २०१९ मध्ये केटीएलएही. नेक्स्टार आता ‘द सीडब्ल्यू’ नेटवर्कच्या बहुतांश हिस्स्याची मालक आहे आणि २०२३ पासून केआरओएन त्याच नेटवर्कचे कार्यक्रम दाखवते. तिच्या बातम्यांचे तास भरपूर आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. तरी साखळीतल्या तासांवर माझा भरवसा कमी. २०१८ मध्ये सिंक्लेअर या दुसऱ्या साखळीच्या डझनावारी निवेदकांनी एकच मजकूर शब्दशः वाचला, तो जोडून दाखवणारी फीत जगाने पाहिली.

चेकला मी आदर्श म्हणणार नाही. व्हिक्टोरिया ही प्रांताची राजधानी आहे, विधानसभा दाराशी आहे, बेटावर असल्यामुळे आपलेपणाही आयता. शिवाय स्वतंत्र वाहिन्यांसाठी २०१७ मध्ये सुरू झालेल्या बातमी-निधीचा टेकू तिलाही आहे, सीएचसीएचलाही. पण या वाहिन्यांत बातमीदारांनी स्वतः भांडवल घातले ते फक्त चेकमध्ये, आणि २००९ नंतर ती कुठल्याही साखळीत गेलेली नाही.