उदासीन कोणाला म्हणावे?

गीतेच्या बाराव्या अध्यायातील ‘उदासीन’ या शब्दाचे निरूपण हल्ली ‘जगाशी आपल्याला काय करायचे’ असे होते. मीही बरीच वर्षे कीर्तनात तेच सांगितले. ती चूक होती. उदासीन म्हणजे पक्षपातरहित, बेफिकीर नव्हे. सर्व भूतांच्या हितात रमणारे भगवंताला पावतात, हेही त्याच अध्यायात आहे.

तुकोबारायांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली. ते स्वतःच्या लाभाविषयी उदासीन होते, ऋणकोंविषयी नव्हे.

१९४७ साली अस्पृश्य मानलेल्या भाविकांना विठ्ठलमंदिर खुले व्हावे म्हणून साने गुरुजी पंढरीत उपोषणास बसले. तेव्हा ‘आम्ही उदासीन’ म्हणणाऱ्याने बंद दाराचाच पक्ष घेतला होता. वक्त्यांनी हा भेद श्रोत्यांना जरूर सांगावा.

रामकृष्णहरी.