भरवशाची भाषा : मराठी ख्रिस्ती भक्तिवाङ्मयातील एका शब्दसमूहाचा विचार

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे परीक्षण आजवर बहुधा दोन प्रश्नांच्या अनुषंगाने झाले आहे. लेखकाने धर्मांतर का केले, हा पहिला प्रश्न; आणि त्याची मराठी ‘मिशनरी मराठी’ आहे की अस्सल मराठी, हा दुसरा. पहिला प्रश्न चरित्रकाराचा आहे आणि दुसऱ्याचे उत्तर पुष्कळदा वाचण्यापूर्वीच ठरलेले असते. या दोहोंच्या गडबडीत एक तिसरा प्रश्न मागे पडला. सकाळी उठून कामाला लागणाऱ्या माणसाने ईश्वरावर विसंबून दिवस काढावा, असे हे वाङ्मय सांगते, तेव्हा ते मराठीतील कोणत्या शब्दांनी सांगते आणि त्या शब्दांत विसंबण्याचे बळ कितपत आहे? हा प्रश्न वरवर ईश्वरशास्त्राचा दिसतो. परंतु मुळात तो भाषेचा आहे.

विसंबण्याच्या क्रियेसाठी मराठीत एक शब्द नसून शब्दांचे एक कुटुंबच आहे. ‘विश्वास’ हा संस्कृत शब्द ‘श्वस्’ या धातूपासून झालेला. निर्भयपणे श्वास घेणे, हा त्याचा मूळ भाव. ‘श्रद्धा’ हा शब्द लॅटिनमधील ‘क्रेदो’ या क्रियापदाचा सगोत्र आहे, हे तौलनिक भाषाशास्त्राने फार पूर्वीच दाखवून दिले आहे. ‘हवाला’ आणि ‘मदार’ हे शब्द अरबीतून आलेले. पहिल्यात सोपवून देण्याची कल्पना आहे, तर दुसऱ्यात ज्याभोवती काही फिरते त्या आसाची. त्यांच्याबरोबर ‘भरवसा’, ‘भिस्त’ आणि ‘भाव’ हे शब्द आहेत. व्यवहारात हे शब्द परस्परांची जागा सहज घेत नाहीत. ‘त्याचा देवावर विश्वास आहे’ या वाक्याने सामान्यतः एवढाच बोध होतो की, देव आहे असे तो मानतो. ‘त्याची सारी भिस्त देवावर आहे’ या वाक्याचा अर्थ निराळा : दुसरा आधार उरलेला नाही आणि तरीही तो उभा आहे. पहिले वाक्य मताचे आहे, तर दुसरे परिस्थितीचे.

नव्या कराराच्या ग्रीक भाषेतील ‘पिस्तिस’ या शब्दात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. इब्री भाषेत ज्या धातूपासून ‘आमेन’ हा शब्द झाला, त्याचा मूळ अर्थ स्थिर असणे, पक्के असणे हा आहे. एकोणिसाव्या शतकातील प्रॉटेस्टंट अनुवादपरंपरेने या सर्वांसाठी मुख्यत्वे ‘विश्वास’ हा शब्द स्थिर केला. परिभाषेच्या दृष्टीने ही निवड सोयीची होती. मात्र तिची किंमत मराठी वाचकाला मोजावी लागली. मत आणि भिस्त यांतील जे अंतर बोलीत स्पष्ट होते, ते उपासनेच्या भाषेत पुसट झाले.

ही निवड अपरिहार्य नव्हती, हे दाखवणारा पुरावा मराठीतच आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. स्टीफन्स यांनी श्रद्धेसाठी ‘भावार्थ’ हा शब्द योजला आणि कोकणी ख्रिस्ती समाजाच्या बोलण्यात तो आजही त्याच अर्थाने जिवंत आहे. ‘भाव’ हा मताचा शब्द नव्हे. तो अंतःकरणाच्या ओढीचा शब्द आहे. तो स्टीफन्स यांनी नव्याने घडवला नाही. मराठी भक्तिपरंपरेने तो तोवर घासूनपुसून तयार ठेवला होता.

त्याच काळात बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे दासोपंत लिहीत होते. दासोपंतांचा जन्म १५५१ चा आणि निधन १६१५ चे. म्हणजे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले त्याच्या आदल्या वर्षीचे. दोघेही जवळजवळ समवयस्क होते आणि दोघांचेही माध्यम ओवी हेच होते. एकाला दुसऱ्याची वार्ता असण्याचा संभव नाही. परंतु मराठी ओवी त्या काळी किती भार पेलत होती, हे या योगायोगावरून कळते. ज्या गावी मराठी परंपरा ‘विवेकसिंधु’कार मुकुंदराजांची समाधी दाखवते, त्याच गावी दासोपंतांनी पंचीकरणासारखा गहन विषय एका पासोडीवर लिहिला. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचे जाडेभरडे वस्त्र. तत्त्वज्ञान पोथीच्या पानावरून पांघरुणाच्या कापडावर आले, ही घटना केवळ नवलाची म्हणून सांगितली जाते. प्रस्तुत विवेचनापुरते तिच्याकडे एका कसोटीचे रूपक म्हणून पाहता येईल : जी धर्मवाणी रोज अंगावर घेता येते, ती टिकते.

या कसोटीवर मराठी बायबलातील एक शब्द पूर्णपणे उतरतो. प्रभूच्या प्रार्थनेत रोजच्या अन्नाची जी मागणी आहे, तिच्यासाठी मराठीत ‘भाकर’ हा शब्द रूढ झाला. मूळ ग्रीक वचनात त्या अन्नाला लावलेले विशेषण इतके विरळ आहे की, त्याच्या नेमक्या अर्थाविषयी विद्वानांचा वाद अद्याप मिटलेला नाही. मराठी अनुवादकांनी ‘रोजची’ असा सरळ अर्थ घेतला आणि पुढे ‘भाकर’ ठेवली. या शब्दाबरोबर ज्वारी, जाते, चूल आणि परात हे सारे प्रार्थनेत आले. पंडिता रमाबाईंनी केडगाव येथे मूळ भाषांवरून जे संपूर्ण बायबल सिद्ध केले आणि जे त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यामागेही अल्पशिक्षित स्त्रियांना कळेल अशी मराठी देण्याचा हेतू होता. सोपेपणाच्या या आग्रहाला विद्वत्तेचा अभाव समजणे, ही समीक्षेची चूक ठरेल.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी हा प्रश्न काव्याच्या बाजूने सोडवला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी जी भजने व अभंग रचले, त्यांत तुकारामाचा वारसा उघड आहे, आणि तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो अशी त्यांची स्वतःची कबुलीही प्रसिद्ध आहे. ‘अभंगाच्या जुन्या पात्रात ख्रिस्ती आशय ओतला’ असे टिळकांविषयी नेहमी म्हटले जाते. हे विधान अर्धेच खरे आहे. पात्र बदलले नाही, परंतु व्याकरण बदलले, ही खरी गोष्ट आहे. धर्मोपदेशाची भाषा आज्ञार्थी असते : विश्वास ठेवा, चिंता करू नका. अभंग प्रथमपुरुषी असतो. त्यात गाणारा स्वतःची स्थिती सांगतो. आज्ञार्थी वाक्य ऐकणाऱ्यावर एक नवे कर्तव्य लादते, आणि चिंतेने वाकलेल्या माणसाला ‘चिंता करू नकोस’ म्हणणे म्हणजे त्याच्या ओझ्यात आणखी एकाची भर घालणे होय. ख्रिस्ताला आई म्हणून हाक मारणारे टिळकांचे भजन म्हणताना उपासकाला आज्ञा पाळावी लागत नाही. हाक मारली की पुरते. मंडळीच्या उपासनेत ही भजने पिढ्यान्‌पिढ्या टिकली, याचे एक कारण या पुरुषबदलात शोधावे लागेल.

तथापि टिळकांच्या काव्याची मर्यादाही येथेच आहे. त्यांतील भरवसा फार लवकर सिद्ध होतो. शंका आली तरी ती कडव्याच्या आत मिटते. भजनाला हे शोभते. पण दिवस भजनाएवढा आटोपशीर नसतो. या ठिकाणी लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’कडे वळावे लागते. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्रात ईश्वरावरील भरवशाचे प्रतिपादन जवळजवळ नाही. त्याचा हिशेब मात्र पानोपानी आहे. टिळक हातचे देऊन टाकणारे होते; १९१७ मध्ये मिशनच्या वेतनाचाही त्यांनी त्याग केला. कवीने उद्याची चिंता सोडली की, ती घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी उचलावी लागते. ‘स्मृतिचित्रे’ हे त्या दुसऱ्या व्यक्तीचे पुस्तक आहे.

सोवळ्याच्या अतिरेकी कडकपणात वाढलेल्या, पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्याच्यापासून दूर राहिलेल्या आणि पुढे स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झालेल्या या स्त्रीचा भरवसा तयार मिळालेला नाही. तो भांडून, रुसून आणि हसून कमावलेला आहे. त्यांच्या विनोदाकडे स्वभावविशेष म्हणून पाहण्याची प्रथा आहे. परंतु विनोदाचे येथे निश्चित कार्य आहे : अडचण लहान न करता तिची भीती तो लहान करतो. ‘विश्वास’ या शब्दाच्या धातूत दडलेला मोकळ्या श्वासाचा अर्थ मराठी गद्यात कोठे प्रत्यक्ष झाला असेल, तर तो या हसण्यात. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ अपुरे ठेवले आणि ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले, हे सर्वश्रुत आहे. गद्यातही त्यांनी पतीचे एक अपुरे वाक्य पूर्ण केले, असे म्हणता येईल.

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. भरवशाची ही सारी भाषा दुःख सोसण्याची सवय लावते आणि अन्यायाला देवाची इच्छा ठरवते, असा तो आक्षेप. तो हलका नाही. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास ऊसतोड मजुरांची कुटुंबे साखर कारखान्यांच्या दिशेने बाहेर पडतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी पतिपत्नी मिळून एक ‘कोयता’ होतो आणि संपूर्ण हंगाम फडात जातो. या व्यवहारात ‘भरवसा’ आणि ‘हवाला’ हे शब्द निर्दोष राहत नाहीत. ज्याच्यावर भिस्त ठेवावी लागते, त्याच्याच हाती पिळवणुकीचे साधन असते. अशा माणसापुढे डोंगरावरील प्रवचनातील पक्षी आणि रानफुले यांचा दृष्टांत आज्ञार्थी ठेवला, तर तो क्रूर वाटेल. पेरणी न करणाऱ्या पक्ष्याची निश्चिंतता पेरूनही न उगवलेल्या शेताच्या धन्याला कशी सांगावी?

आक्षेपाचे उत्तर पुन्हा भाषेतच आहे. ज्या प्रार्थनेत भाकर मागितली आहे, तिच्यात ती ‘मला’ नव्हे, तर ‘आम्हांला’ मागितली आहे. मागणाऱ्याची भिस्त एकट्याची नाही. म्हणून शेजाऱ्याची रिकामी परात त्याच्या प्रार्थनेत आपोआप येते. हे अनेकवचन गाळून केवळ व्यक्तीच्या मनःशांतीपुरता भरवसा सांगणारे दैनिक चिंतनपर लेखन वाङ्मय म्हणून दुबळे ठरते, कारण ते ज्या वचनाचा आधार घेते त्याचेच व्याकरण विसरते. टिळकांच्या देण्यात आणि लक्ष्मीबाईंच्या भरलेल्या घरात हे अनेकवचन शाबूत होते.

तेव्हा ‘मिशनरी मराठी’ हा शिक्का सरसकट मारण्यापूर्वी अभ्यासकाने प्रत्येक कृतीला तीन प्रश्न विचारावेत : तिच्यातील विसंबण्याचा शब्द मताचा आहे की भिस्तीचा, तिचे क्रियापद आज्ञा करते की कबुली देते, आणि तिचे सर्वनाम एकवचनी आहे की अनेकवचनी. ‘ख्रिस्तपुराण’, टिळकांची भजने आणि ‘स्मृतिचित्रे’ यांची उत्तरे एकसारखी येणार नाहीत. परंतु तिन्ही कृती मराठीच्या पासोडीवर लिहिलेल्या आहेत, हे मात्र त्या उत्तरांतून स्पष्ट होईल.